नंबर परत सांगते

एप्रिलच्या दुपारी अमरावतीचा रस्ता पांढरा पडतो. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, कुत्री उभ्या गाड्यांखाली शिरतात आणि प्रत्येक खिडकीतला कूलर एकाच सुरात घुमू लागतो. त्या घुमण्याला कान लावून पडलं की फार मागे कुठेतरी माणसं बोलत असल्यासारखं वाटतं. शब्द कळत नाहीत. कुणी समजूत घालतंय की भांडतंय, तेही कळत नाही. हे ऐकायला मला इंदूताईंनी शिकवलं. "ट्रंक लाइन अशीच वाजे, भाऊ," त्या म्हणायच्या. "दूर कोणीतरी बोलून राहिलं, अन् आपण ऐकाचं नाई."

इंदूताई आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर माझं एक सांगावं लागेल. ते आधीच सांगून बाजूला होतो, म्हणजे पुढे त्यांच्या वाटेत येणार नाही. माझा घरोघर इंटरनेटची जोडणी देण्याचा लहानसा धंदा आहे. खांबाखांबांवरून तारा न्यायच्या, घरात राउटर बसवायचा, महिन्याचं बिल घ्यायचं. इंदूताई माझ्याकडे काही वर्षं कामाला होत्या. एके दिवशी मी त्यांना म्हणालो, "ताई, थोडे दिवस घरीच थांबा." मी घाबरलो होतो. त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. देवापुढे बसलो तरी हात जोडायच्या आधी मला ते वाक्य आठवतं.

त्या आमच्याकडे नोकरीसाठी आल्याच नव्हत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन अमरावतीत एक खोली घेऊन राहत होत्या आणि जोडणी घ्यायला आल्या होत्या. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, खांद्यावर पिनेनं पक्का केलेला पदर, हातात पेन्सिल. ती पेन्सिल लिहायची नव्हती. फोनचे आकडे त्या बोटानं दाबत नसत, पेन्सिलीच्या टोकानं दाबत. जुन्या तबकडीच्या काळातली सवय, बोट दुखू नये म्हणून. त्या बाकावर बसल्या होत्या आणि आमचा लाइनमन गजू फोनवर कुणा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. "अहो, तुमी सांगाल तवा येऊ का आमी? आमाले दुसरे कामं नाईत का?" इंदूताई उठल्या, त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "नमस्कार. तक्रार सांगा." पलीकडचा माणूस एकदम गप्प झाला. मग तो सांगत गेला आणि शेवटी ताई म्हणाल्या, "नंबर परत सांगते." एक एक आकडा दिव्यासारखा लावत त्यांनी नंबर म्हटला. त्या माणसानं चक्क आभार मानले. गजू माझ्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या जोडणीची चौकशी करायला आल्या आणि संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसल्या. नोकरीचं असं कुणी बोललंच नाही.

परत सांगणं हा त्यांचा स्वभाव होता. अकोल्याच्या ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन हातानं जोडून देण्यात, तरुणपणाची सारी वर्षं गेली होती. तिथं गिऱ्हाईक नंबर सांगणार, ऑपरेटरनं तो परत म्हणायचा, गिऱ्हाइकानं 'हो' म्हटल्याशिवाय जोडायचा नाही. इंदूताई भाजीबाजारातही तेच करत. "अर्धा किलो वांगे, सांबाराची एक जुडी. परत सांगते." भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात धरून म्हणे, "माय, मी का बहिरी हाय?" गजू त्यांना चिडवायचा. "ताई, च्या घेता का?" "अर्धा कप, बिनसाखरेचा. परत सांगते…" "ताई, तुमच्या समोरच उभा हाय ना मी!" "समोरचाच चुकते, बाप्पा," त्या म्हणायच्या. "दूरचा कान देऊन ऐकते."

दुसरी एक सवय होती, ती आमच्या लक्षात यायला वेळ लागला. ऑफिसात कुणाला घरून फोन आला की त्या उठून ओसरीत जात. बाहेर ऊन ओतत असलं तरी जात. एखादं गिऱ्हाईक दुरुस्तीसाठी स्वतःचा मोबाइल हातात देई, तेव्हा त्या छताकडे बघत बसत. एकदा एका तरुणाच्या फोनवर नको ते काही उघडलं. तो लाजून लाल झाला. ताई शांतपणे म्हणाल्या, "मले चष्म्याबिगर काही दिसत नाई बापा." चष्मा नाकावरच होता.

मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी बोर्डावरच्या चावीचं सांगितलं. दोन माणसं जोडली की ऑपरेटरला ती ऐकू येत राहतात. आपल्या बाजूची चावी ओढली की आवाज बंद. मग तीन मिनिटांनी पुन्हा डोकावायचं, वेळ संपली सांगायचं आणि बाहेर पडायचं. "काही जणी चावी ओढत नसत," त्या म्हणाल्या. "गावात कोणाचं काय चाल्लं, साऱ्या खबरा. मी ओढू. पण कवा कवा हात उशिरा पोचते."

असा उशीर त्यांच्या स्वतःच्या बाबतीत झाला होता. त्यांना पाहायला खामगावचे लोक आले होते. चहा-पोहे झाले, मुलाचे वडील हसून बोलले आणि निघाले. इंदूताई लगबगीनं साडी बदलून ड्यूटीवर गेल्या. थोड्या वेळानं बोर्डावर एक कॉल आला, अकोला ते खामगाव. आवाज त्यांनी ओळखला. तो मुलाच्या वडिलांचा होता, तासाभरापूर्वी त्यांनाच पोहे वाढले होते. त्यांनी नंबर परत सांगितला. जोडला. हात चावीकडे गेला, तोवर एवढं कानावर पडलं: "पोरगी काळी हाय, अन् बोलते लय."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? चावी ओढली. पुढचं नाई ऐकलं."

"आणि घरी सांगितलं?"

"कसं सांगणार? लाइनवरचं घरात आणाचं नसते." त्या हसत होत्या. "महिनाभर माय वाट पाहे. पोस्टमन दिसला की दारात. शुक्रवार धरले तिनं. मी रोज तिच्यासंग जेवू अन् चूप राहू. शेवटी त्याइचं पत्र आलं तवा तिच्यासंगच रडली मी. नव्यानं रडली. नाई तं तिले समजलं असतं ना."

त्यानंतर त्यांनी लग्नाचा विषय काढू दिला नाही. हे त्या इतक्या सहज सांगत, जणू एखाद्या लांबच्या नातेवाइकाची गोष्ट सांगत असाव्यात. कूलर घुमत राही, पाण्यानं भिजलेल्या वाळ्याचा वास येई आणि मला वाटे की या बाईच्या आत कितीतरी माणसांची अर्धी वाक्यं झोपलेली आहेत. ती सगळी तिनं तशीच झोपू दिली आहेत.

आमच्या धंद्यातही एक बोर्ड असतो, फक्त तो कुणाला दिसत नाही. घरातून कुणी इंटरनेटवर गेलं की त्या जोडणीला एक नंबर मिळतो. कोणत्या वेळी कोणता नंबर कोणत्या घराला होता, याची नोंद आम्हाला ठेवावी लागते. नियमच आहे. ती नोंद सरकारला हवी असेल तर त्याचीही रीत आहे. गुन्ह्याचा क्रमांक घालून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीनं मागणी यायला हवी. तशी मागणी आली की आम्ही देत होतो, देणं योग्यच होतं. लोकांची फसवणूक करणारे त्यातून सापडतही. पण बऱ्याचदा मागणी यायची ती नुसत्या फोनवर. "भाऊ, एवढा एक नंबर पाहून दे ना." आणि मी पाहून देत असे. यात काही वाईट आहे असं मला वाटलंच नाही. शेजाऱ्यानं विरजण मागावं आणि आपण द्यावं, तसं वाटायचं. ते काम इंदूताईंकडे आल्यावर त्या प्रत्येकाला म्हणू लागल्या, "लेखी पाठवा साहेब, लगेच देते." बहुतेक जण पाठवत. जे पाठवत नसत, त्यांचं काम तितकंसं महत्त्वाचं नसावं.

मग एका सकाळी पोलिसातले ओळखीचे एक जमादार आले. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, माझ्या वडिलांच्या मयतीला खांदा द्यायला आला होता. त्यांच्याकडे चिठ्ठीवर लिहिलेला एक नंबर होता. अचलपूरकडच्या एका बागाइतदाराची मुलगी कॉलेजातल्या मुलाबरोबर निघून गेली होती. जात वेगळी. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं होतं. मुलीचा जुना मेल घरच्या कॉम्प्युटरवर उघडाच राहिला होता. ती आता जिथून तो मेल पाहायची, तिथला नंबर त्यावर दिसत होता आणि तो आमच्या जोडणीचा होता. घर कोणतं, एवढंच सांगायचं होतं. ते फक्त आमच्या यंत्राला माहीत होतं.

"देतो की साहेब," मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत. मी इंदूताईंना हाक मारली.

ऑफिसात बिल भरायला आलेली चार माणसं होती. ताई काउंटरमागे उभ्या राहिल्या, पेन्सिल हातात घेतली आणि ट्रंक बोर्डावरच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "नंबर सांगा."

जमादारांनी सांगितला.

"नंबर परत सांगते." त्यांनी तो मोठ्यानं म्हटला. बाकावरची माणसं वळून पाहू लागली. "मागणी कोणाची?"

"समजा माहीच."

"मागणी जमादार साहेबाची सोताची. परत सांगते, सोताची. गुन्हा कोणता?"

"गुन्हा नाई हो. घरगुती मामला हाय."

"गुन्हा काहीच नाई. पोरगी सज्ञान?"

"हव, पण…"

"सज्ञान. लग्न?"

"केलं ना तिनं. रजिस्टर."

"लग्न कायद्यानं झालं. मंग पत्ता कोणाले पाह्यजे?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होतो. "भावाइले," ते म्हणाले.

"पत्ता भावाइले पाह्यजे. परत सांगते, भावाइले. भाऊ काय म्हणून राहिले?"

जमादार चिठ्ठीची घडी घालू लागले. बाकावर एक म्हातारी नातवाचं बिल घेऊन बसली होती. तिनंच उत्तर दिलं, "काय म्हणतीन माय? तोडून टाकू म्हणत असतीन."

जमादारांचा चेहरा उतरला. मला वाटतं, तोवर त्यांनीही ते सगळं एका ओळीत, मोठ्यानं ऐकलं नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "तुमी माह्यावर केस करून राहिल्या का?"

"नाई साहेब. कॉल बुक करून राहिली. चुकीचा लागला तं माणूस मरते."

ते चिठ्ठी खिशात घालून उठले. "राहू द्या. लेखीच आणतो." त्यांनी कधी आणलं नाही.

त्यानंतर मात्र आमच्या तारा तुटू लागल्या. बडनेऱ्याच्या बाजूची मुख्य तार कुणीतरी कापली. जोडली, पुन्हा कापली. खांब वापरण्याच्या परवानगीबद्दल विचारणा आली. हे कुणी केलं ते मला आजही माहीत नाही, योगायोगही असेल. पण गिऱ्हाइकं ओरडत होती, गजू उन्हात खांबावर चढून काळवंडला होता आणि मला रात्री झोप लागत नव्हती. इंदूताई मात्र नेहमीसारख्या नंबर परत सांगत होत्या. त्यांच्या आवाजात एक हलकेपणाही आला होता.

अशातच एका दुपारी मुलीचे वडील आले. एकटेच. डोक्याला रुमाल, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. पाणी दिलं तर ग्लास हातातच धरून बसले. मग इंदूताईंना म्हणाले, "मले पत्ता नाई पाह्यजे बाई. पोट्टे घरी नाईत, त्याइले न सांगता आलो. मले फक्त तिचा आवाज ऐकाचा हाय."

इंदूताई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. तसं त्या कुणासमोर बसत नसत. म्हणाल्या, "दादा, आमच्या वेळी एक पीपी कॉल राहे. नंबरापेक्षा माणूस मोठा. पहिले त्या माणसाले विचाराचं, अमुक अमुक तुमच्यासंग बोलू म्हणते, तुमी बोलता का? हो म्हटलं तं जोडाचं. नाई म्हटलं तं नाई."

"विचारा ना मंग," ते म्हणाले.

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. आम्ही दोघं कूलरसमोर बसून राहिलो. त्या माणसाच्या रुमालाचं टोक वाऱ्यानं हलत होतं. मला तेव्हा गुंगी आल्यासारखं झालं. हे ऑफिस नाही, हे अकोल्याचं जुनं एक्स्चेंज आहे आणि भिंतीपलीकडे ओळीनं बसलेल्या बायका साऱ्या वऱ्हाडातल्या बापांना साऱ्या लेकी जोडून देत आहेत, असं काहीतरी.

ताई बाहेर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"पार्टी तयार नाई, दादा."

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "जिती हाय ना?"

"लाइन लागली होती," ताई म्हणाल्या.

त्यांनी हात जोडले आणि उन्हात निघून गेले. मला वाटलं, ताईंनी म्हाताऱ्याची समजूत काढायला खोटंच सांगितलं. आत जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या असतील. मला तो चांगुलपणा वाटला.

त्या दिवसानंतर त्या बोलेनाशा झाल्या. फोन घेत, पण नंबर परत सांगत नसत. मी समजलो, त्याही घाबरल्या. पुन्हा एकदा तार कापली गेली तेव्हा मी त्यांना ते वाक्य बोललो, थोडे दिवस घरीच थांबा म्हणून. त्या "बरं" म्हणाल्या आणि पदर सारखा करून निघाल्या. अमरावतीची खोली सोडून अकोल्याला बहिणीकडे राहायला गेल्याचं मला गजूकडून कळलं.

मी थेट पुढच्या उन्हाळ्यात गेलो. अकोल्यात दिवस मावळतानाही भिंती तापलेल्या असतात. इंदूताई गच्चीवर होत्या. बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन तापलेल्या स्लॅबवर पाणी मारत होत्या, रात्री खाटा टाकता याव्यात म्हणून. मला पाहून म्हणाल्या, "ये. चप्पल काढू नको, पाय भाजतीन." ऑफिसात त्या मला 'तुमी' म्हणत. 'तू' पहिल्यांदाच म्हणाल्या.

मी पाठ केलेलं सगळं बोललो. माझ्या भित्रेपणामुळे तुमची नोकरी गेली, मला माफ करा, असं बरंच काही. त्या ऐकत होत्या, मधून मधून पाणी टाकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुह्यामुळं नाई गेली मी. तू थांबा म्हटलं नसतं तरी गेली असती."

मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी त्यांनी खरंच फोन केला होता. नोंद उघडून घर पाहिलं, घरमालकाचा मोबाइल पाहिला आणि पेन्सिलीनं तो नंबर दाबला. वरच्या मजल्यावर नवं जोडपं राहतं का विचारलं. त्यानं फोन वर नेऊन मुलीला दिला.

"मी म्हटलं, बाई, तुमच्या वडिलाचा कॉल हाय. जोडू का? थे बोललीच नाई. नुसता श्वास. मंग म्हणे…" इंदूताई थांबल्या. "म्हणे, मी इथं हाय, हे तुमाले कोणी सांगतलं?"

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी काय सांगू तिले? मीच पाहिलं म्हणू? मी चांगली बाई हाय म्हणू? चांगल्या मनानं उघडलं मी, हव. पण जमादारबी त्याच्या मनानं चांगलंच करून राहिला होता ना. दुसऱ्या दिवशी घरमालकाचा फोन आला, लाइन बंद करा, भाडेकरू गेले. उजाडाच्या आधी गेले म्हणे. गॅसवर दूध तसंच ठेवून." त्यांनी रिकामी बादली उपडी केली. "लपून का होईना, घर होतं तिचं. भावाइले सापडलं नाई. माह्यापाई गेलं."

मी म्हणालो, "ताई, ते कुठंतरी नीटच असतील. तुम्ही म्हणाल तर मी शोधून पाहतो. दुसऱ्या कंपन्यांत माझी ओळख आहे. नुसतं ठीक आहेत ना, एवढंच. कुणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुखणं आपल्याला ठाऊक असलेल्या माणसाकडे पाहावं, तसं.

"मलेबी रोज वाटते," त्या म्हणाल्या. "रोज."

एवढंच म्हणाल्या, आणि नळाखाली बादली लावली. बादली भरत आली. मग मी निघालो. जिना उतरून गल्लीत आलो, तरी पाय निघेना. मला माफी मिळाली नव्हती, शिक्षाही मिळाली नव्हती. वर पाहिलं तर त्या कठड्याशी उभ्या होत्या. मी खालून ओरडून विचारलं, "ताई, पुन्हा येऊ का भेटायला?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हे विचारलं असावं, अशा त्या विचारात पडल्या. मग हळूच, काही लपवायचं नाही अशा चेहऱ्यानं, त्यांनी मान हलवली. नाही.

मी हात जोडले आणि पुन्हा गेलो नाही. जाताना एकदा वळून पाहिलं. त्यांनी नुकतीच भरलेली बादली ओतली होती. तापलेल्या स्लॅबवरून वाफ उठत होती आणि त्या वाफेत गुडघ्यापर्यंत बुडालेल्या इंदूताई पाठमोऱ्या चालत गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जात होत्या, जिथं अजून पाणी पोचलं नव्हतं.